अनाथ कोण, हे कोण ठरवतं?

आजचा भाग एका रकान्याबद्दल आहे. हो, फॉर्मवरच्या रकान्याबद्दल. ‘आई-वडील’ असं छापलेलं असतं आणि पुढे रिकामी रेघ. त्या रेघेवर कुणीतरी ‘नाहीत’ असं लिहितं, किंवा ‘अज्ञात’, आणि तिथून एका मुलाचं आख्खं आयुष्य दुसऱ्या रुळावर जातं. लिहिणारा बहुतेक वेळा दुष्ट वगैरे नसतो. घाईत असतो. समोर अजून पाच-पन्नास मुलं बसलेली असतात आणि मुलाला स्वतःच्या गावाचं नाव धड सांगता येत नाही.

नागपूर आणि एकूणच आपल्या भागाच्या इतिहासात या रकान्यावरून बरेच वाद झालेत. आणि दरवेळी काही माणसं मध्ये पडली. बरीचशी सरकारी नोकरीत नसलेली. त्यांनी एकच काम केलं: तो रकाना खरा आहे का, हे जाऊन बघितलं. ‘आमचं मूल परत द्या’ म्हणणारे अर्ज वाचले, ‘हे मूल आम्हाला द्या’ म्हणणारेही वाचले, आणि कुठला धरायचा, कुठला बाजूला ठेवायचा ते ठरवलं. दिसायला कंटाळवाणं काम आहे. पण हे काम झालं नाही की काय होतं, ते आज आपण बघणार आहोत.

सुरुवात दुष्काळापासून करू. १८९६-९७ चा एक, आणि लगेच दोन वर्षांनी १८९९-१९०० चा दुसरा. गुजरात-राजस्थानात या दुसऱ्याला अजूनही ‘छप्पनिया’ म्हणतात, कारण विक्रम संवत १९५६. या दोन्ही दुष्काळांचा जबर फटका बसला तो मध्य प्रांताला. मध्य प्रांत म्हणजे आजचा पूर्व विदर्भ, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाचा मोठा तुकडा. राजधानी नागपूर. चीफ कमिशनर इथे बसायचा, जिल्ह्याजिल्ह्यांतले दुष्काळाचे अहवाल इथे यायचे.

आपल्याला वाटतं, दुष्काळात कुटुंबं मरतात. मरतातच. पण त्याआधी ती सुटी होतात, आणि हळूहळू होतात. बाप कामाच्या शोधात निघतो, दोन जिल्हे ओलांडून कुठेतरी खडी फोडायला लागतो. आई सरकारी दुष्काळी कामावर जाते, लहानगं आजीकडे. आजी जाते. पोर चालत चालत सरकारी अन्नछत्रापर्यंत पोचतं, तिथून कुणीतरी त्याला गरीबखान्यात आणून सोडतं. गरीबखाना म्हणजे सरकारनं चालवलेली जागा, जिथे काम करू न शकणाऱ्यांना जेवण मिळायचं. आता कारकून विचारतो, बाप कुठे आहे? पोर म्हणतं, गेला. ‘गेला’ या मराठी शब्दाचे दोन अर्थ आहेत. कारकून त्यातला एक लिहितो.

पाऊस पडतो. बाप परत येतो. तोवर मूल रेल्वेनं शेकडो मैल लांब गेलेलं असतं.

रेल्वे हा इथे महत्त्वाचा मुद्दा आहे. आधीच्या शतकांतल्या दुष्काळात हरवलेलं मूल फार तर शेजारच्या तालुक्यात सापडलं असतं. १८९७ मध्ये ते दोन दिवसांत दुसऱ्या प्रांतात पोचत होतं. आणि न्यायला येणारेही खूप होते. ख्रिस्ती मिशनऱ्यांचे अनाथाश्रम होते. पुण्याहून पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात आल्या आणि सुमारे तीनशे बायका-मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. केडगावचं ‘मुक्ती’ त्यातूनच वाढलं. रमाबाईंबद्दल एक गोष्ट विसरायची नाही. त्यांचे स्वतःचे आई-वडील दुष्काळातच वारले होते. गरीबखान्यात एकट्या मुलीचं काय होतं, मुली पळवणारे दलाल तिथे कसे घिरट्या घालतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी नेल्या नसत्या तर त्यातल्या कितीजणी जगल्या असत्या, हा प्रश्न रास्तच आहे. माझं मत विचाराल तर त्यांनी केलं ते बरोबरच केलं.

पण मग दुसरा प्रश्न उरतोच. ज्यांचं कुणीतरी जिवंत होतं, त्यांचं काय?

हा प्रश्न मोठ्यानं विचारला लाला लजपतराय यांनी. हो, सायमन कमिशनवाले लजपतराय, पण हे तीस वर्षं आधीचे. तेव्हा ते लाहोरात वकिली करत होते. १८९७ मध्ये त्यांनी आणि आर्य समाजातल्या मंडळींनी हिंदू अनाथांसाठी चळवळ सुरू केली. त्यांचे कार्यकर्ते पंजाबातून मध्य प्रांतात येऊन जिल्हे फिरले. मुलं शोधायची, नातेवाईक आहेत का बघायचं, नसतील तर आपल्या अनाथाश्रमात न्यायचं. दुसऱ्या दुष्काळात हे काम आणखी वाढलं, आणि नंतर सर अँटनी मॅक्डोनेल यांच्या अध्यक्षतेखालच्या दुष्काळ आयोगापुढे लजपतरायांनी याबद्दल साक्ष दिली. तक्रारीचा गाभा असा की सरकारी अधिकारी मुलं घाईघाईनं मिशनच्या ताब्यात देतात, नातेवाइकांना शोधायला वेळच देत नाहीत.

आता खरं सांगायचं तर या भांडणात धर्माची चढाओढ भरपूर होती. मिशनला मुलं हवी होती, समाजालाही हवी होती. लाहोरला गेलेलं मूल आईपासून केडगावच्या मुलाइतकंच लांब होतं. तरी त्या वादातून एक क्रम कागदावर आला, आणि तो क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो: आधी आई-बाप, मग नातेवाईक, मग त्याच समाजातलं कुणी, आणि सगळ्यात शेवटी बाहेरची संस्था. आणि दुष्काळ हटेपर्यंत मुलाचा कायमचा निकाल लावू नये. म्हणजे बापाला परत यायला वेळ द्या.

या सगळ्या कागदपत्रांत मिशनरी बोलतात, वकील बोलतात, साहेब बोलतात. परत आलेला बाप जवळजवळ कुठेच बोलत नाही. त्याला अर्ज लिहिताच येत नव्हता.

पुढची काही दशकं मी पटकन ओलांडतो, कारण तिथे प्रश्नाची जात वेगळी आहे. मूल अनाथ ठरतं, पण आई जिवंत असते, कधी कधी त्याच इमारतीत असते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, पंढरपुरात १८७५ मध्ये अनाथ बालकाश्रम सुरू झाला, ते अशाच विधवांच्या मुलांसाठी. नागपुरात १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई स्वतः बालविधवा, नर्सिंग शिकलेल्या. बाळंतपणासाठी सुरू झालेली ही संस्था पुढे विदर्भभर पसरली. अशा जागी येणाऱ्या एकट्या बाईला ‘तुला मूल ठेवायचंय का?’ हे विचारायचीसुद्धा सोय समाजानं ठेवली नव्हती. उत्तर आधीच ठरलेलं होतं. रकान्यात ‘अज्ञात’ लिहिणं हीच तिथे तिला दिलेली मदत मानली जायची.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एकदम १९७२. जागा मुंबई उच्च न्यायालय.

तोवर परदेशी जोडपी भारतात येऊन मुलं नेऊ लागली होती. पण कायदा? १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी. सगळ्यांसाठीचं दत्तक विधेयक १९७२ मध्ये संसदेत आलं, पुढे १९८० मध्ये परत आलं, दोन्ही वेळा बारगळलं. मग परदेशी लोक काय करायचे? इंग्रजांच्या काळातला १८९० चा पालक आणि पाल्य कायदा वापरायचे. कोर्टात अर्ज करायचा, ‘मला या मुलाचा पालक नेमा’. कोर्टानं नेमलं की मूल घेऊन विमानात बसायचं आणि आपल्या देशात जाऊन दत्तक घ्यायचं. जुनं कुलूप, नवीन किल्ली.

यात गोची अशी की कोर्टात दोन पक्ष असतात तेव्हा न्यायाधीशाला दुसरी बाजू ऐकू येते. इथे दुसरी बाजूच नव्हती. मूल बोलू शकत नाही, आई कोर्टात नाही, संस्था आणि परदेशी जोडपं एकाच बाजूला. सगळे हो म्हणतात. मग नाही कोण म्हणणार?

१० मे १९७२ ला उच्च न्यायालयानं आपल्या नियमांत ३६१-ब हा एक नियम घातला. परदेशी माणसानं असा अर्ज केला की कोर्टाचा अधिकारी इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेल्फेअर या स्वयंसेवी संस्थेला पत्र पाठवणार: अमुक अर्ज आलाय, अमुक तारखेला सुनावणी आहे, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर म्हणा. बस. एवढंच. कौन्सिल १९४७ पासून समाजकार्याच्या क्षेत्रात होती. तिची माणसं मुलाची फाइल वाचायची आणि कोर्टाला सांगायची की हा अर्ज मुलाच्या भल्याचा आहे की नाही.

फाइल वाचणं म्हणजे काय, हे जरा नीट बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे. मूल ‘सापडलं’ म्हणतात, तर कुठे सापडलं? पोलिसांत नोंद आहे का, आणि ती कुठल्या तारखेची? सापडल्याच्या आधीची तारीख संस्थेच्या रजिस्टरात कशी काय? आईनं मूल दिलं म्हणतात, तर अंगठा कुणाचा, साक्षीदार कोण? मजकूर इंग्रजीत आहे, मग अंगठा देणाऱ्या बाईला तो कुठल्या भाषेत वाचून दाखवला? मूल चार वर्षांचं आहे, चार वर्षांच्या मुलाला आईचं नाव माहीत असतं, त्याला कुणी विचारलं का? यातला एकही प्रश्न अवघड नाही. कुठलीही चौकस आजी हेच प्रश्न विचारेल. पण प्रश्न विचारणाऱ्याचा त्या व्यवहारात काही फायदा नसावा लागतो.

आणि हा नियम उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या कामापुरता, म्हणजे मुंबई शहरापुरता. तुमची संस्था पुण्यात किंवा नागपुरात असेल तर अर्ज जिल्हा न्यायालयात, आणि तिथे ते पत्र पाठवायला हा नियम लागू नव्हता. एकाच राज्यात एका मुलाची फाइल बाहेरचा माणूस वाचणार आणि दुसऱ्याची नाही, हे अर्ज कुठल्या गावी पडला त्यावर ठरत होतं.

दहा वर्षांनी दिल्लीत एका वकिलानं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. नाव लक्ष्मीकांत पांडे. एका परदेशी नियतकालिकानं शोधपत्रकारिता करून छापलं होतं की भारतीय मुलं दत्तकाच्या नावाखाली परदेशात पाठवताना गैरप्रकार होतात. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं, आणि ६ फेब्रुवारी १९८४ ला न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. कायदा शिकणाऱ्यांनी तो पूर्ण वाचावा असं मी म्हणेन. संसदेला जे दोनदा जमलं नव्हतं, त्याची तात्पुरती सोय एका निकालानं केली.

त्यातल्या दोनच गोष्टी सांगतो. पहिली: मूल जन्माला येण्याआधी किंवा जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत आई-वडिलांना ते देऊन टाकायचा निर्णय घ्यायला लावू नये, घेऊही देऊ नये. त्यांना समजावून सांगावं, दडपण आणू नये. मातृसेवा संघाच्या काळातली ती एकटी बाई आठवा. उत्तर आधीच ठरलेली. तिला पहिल्यांदा देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं विचार करायला वेळ दिला.

दुसरी: अर्ज तपासणारी संस्था स्वतः मुलं दत्तक देणारी नसावी. ज्याचं दुकान, त्याच्याच हातात तराजू नको. तपासणी आता मुंबईपुरती न राहता देशभरच्या कोर्टांनी करायची होती.

पुढे १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा आली. १९९३ चा हेग करार झाला आणि २००३ मध्ये भारतानं तो मान्य केला. मग सगळं सुरळीत झालं का? नाही. १९९९ आणि २००१ मध्ये आंध्रात लंबाडा कुटुंबांकडून तान्ह्या मुली विकत घेतल्याची प्रकरणं बाहेर आली. २०१० मध्ये पुण्यातल्या एका दत्तक संस्थेचा तपास उच्च न्यायालयानं सीबीआयकडे दिला. म्हणजे नियम होते, रकानेही व्यवस्थित भरलेले होते. भरलेला रकाना आणि खरा रकाना यांत फरक असतो.

आणि आता ती मुलं मोठी झाली आहेत.

स्वित्झर्लंडमध्ये २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७३ ते २००२ या काळात झुरिक आणि थुरगाउ या दोन प्रांतांत भारतातून दत्तक गेलेल्या मुलांच्या फायली संशोधकांनी तपासल्या. अभ्यासाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘आई अज्ञात’. आईच्या संमतीचा कागद जिथे असायला हवा, तिथे तो सापडत नव्हता. तिकडच्या अधिकाऱ्यांनीही तो मागितला नव्हता. भारतातल्या कोर्टानं बघितलं असेल असं त्यांनी धरलं, आणि इकडे आपण धरलं की तिकडे सगळं नियमानं होतं.

पुण्यातून १९७३ मध्ये जर्मनीत दत्तक गेलेल्या अरुण डोहले यांनी स्वतःची फाइल मिळवण्यासाठी भारतातल्या कोर्टांत वर्षानुवर्षं लढा दिला, अगदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत. शेवटी आईचा शोध लागला. पुढे त्यांनी इतरांसाठी हेच काम सुरू केलं, आणि पुण्यात ‘सखी’ संस्थेच्या अंजली पवार असा शोध घेत आल्यात. युरोपातून विनंत्या येतात, ‘माझी आई शोधून द्या’. इकडून गरीब आई-बापांच्या येतात, ‘आमचं मूल कुठे नेलं ते सांगा’.

आता विचार करा, अशी विनंती तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आली. पहिली उर्मी काय असेल? फोटो फॉरवर्ड करा, ग्रुपवर टाका, बघा कसं दोन दिवसांत सापडतं. आणि खरंच सापडेल. पण त्या बाईनं पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी जे मूल दिलं, त्याबद्दल तिच्या नवऱ्याला माहीत आहे का? सासरी? मुलांना? विनंती एका बाजूची असते आणि दार वाजतं दुसऱ्याचं. म्हणून या कामात आलेला अर्ज आधी चाळावा लागतो. कागद काय म्हणतात, सांगणारा माणूस तोच आहे का, जिवाला धोका होईल अशी काही गोष्ट आहे का, आणि गावात विचारपूस कुणी आणि कुठल्या निमित्तानं करायची. बाई एकटी भेटेल अशी वेळ बघायची. ती ‘नको’ म्हणाली तर परत फिरायचं, आणि विमानाचं तिकीट काढून बसलेल्या माणसाला ते सांगायचं.

सरकारनं या गोपनीयतेसाठी नियम केला: शोध दत्तक गेलेल्या व्यक्तीनंच घ्यायचा, त्रयस्थानं नाही. हेतू चांगला आहे, मान्य. पण जी व्यक्ती झुरिकमध्ये वाढली, जिला मराठी येत नाही, ती यवतमाळच्या एखाद्या वाडीवर जाऊन काय विचारणार? आणि फाइल कुणाकडे? बरेचदा त्याच संस्थेकडे, जिनं रकाना भरला होता. मला हा नियम अर्धवट वाटतो. आईला संरक्षण हवं, संस्थेला नको.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, संशय आला की मूल ताब्यात घ्या, मग चौकशी करू. थांबा. याच राज्यातली २०२३ ची गोष्ट ऐका.

मे महिन्याचा शेवट. दानापूर-पुणे एक्स्प्रेस. बिहारमधल्या अररिया भागातली ५९ मुलं महाराष्ट्रातल्या मदरशांत शिकायला निघाली होती, सोबत पाच मोठी माणसं. मुलांची तस्करी होतेय अशी खबर गेली. भुसावळ आणि मनमाडला मुलांना उतरवून घेतलं, सोबतच्यांना अटक झाली. मुलं नाशिक आणि जळगाव भागातल्या बालगृहांत. आई-बाप बिहारात. त्यांना कळलं तेव्हा काहीजण निघून आले, आधार कार्डं, पंचायतीचे कागद घेऊन. आमचीच मुलं आहेत, आम्हीच पाठवली. बारा दिवस गेले मुलं परत मिळायला. सोबतच्या माणसांनी महिनाभर तुरुंग बघितला. मार्च २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी दोन्ही गुन्हे बंद केले. गैरसमज झाला होता.

स्टेशनवरच्या पोलिसानं गाडी थांबवली यात मी त्याला दोष देणार नाही. इतकी मुलं एकत्र दिसली तर विचारलंच पाहिजे. पण विचारणं म्हणजे आई-बापांना फोन लावणं. त्या दिवशी अररियाला पन्नासेक फोन लागले असते तर रात्रीपर्यंत निकाल लागला असता. रकाना यावेळीही घाईत भरला गेला, फक्त ‘नाहीत’ च्या जागी ‘विकली’ असं लिहिलं गेलं. कुणाचं नाव काय, टोपी कुठली, यावरून तो किती लवकर भरला गेला असेल, याचा विचार तुम्हीच करा.

नागपूर स्टेशनवर हे रोजचं आहे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही मार्गांच्या गाड्या इथे एकमेकींना ओलांडतात, ते डायमंड क्रॉसिंग प्रसिद्धच आहे. हरवलेलं, पळालेलं, पळवलेलं मूल कुठल्याही दिशेनं निघालं तरी इथे उतरू शकतं. १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत एका प्रयोगातून सुरू झाली आणि मग शहराशहरांत स्वयंसेवी संस्थांनी ती चालवली. २०२३ पासून ती सरकारनं आपल्याकडे घेतली. मूल सापडलं की २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. पुढचं सगळं सामाजिक तपासणी अहवालावर चालतं, म्हणजे कुणीतरी घरी जाऊन बघून लिहायचं. गेल्या काही वर्षांत नागपूर पोलिसांच्या मानवी तस्करीविरोधी पथकानं बाळं विकल्याची प्रकरणं उघडकीला आणली, म्हणजे धोका काल्पनिक नाही. त्यामुळे ‘मी आई आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकीवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. आणि फक्त गरीब दिसते म्हणून अविश्वासही ठेवता येत नाही. कायदाच म्हणतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय.

अशा कुटुंबाला पहिली मदत बहुतेक वेळा पीएलव्ही, म्हणजे विधी स्वयंसेवकाकडून मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची ही माणसं. २००९ पासून ही योजना आहे. यात शिक्षक असतात, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी. वकील नसतात. ते ऐकून घेतात, कागद जुळवतात, आणि ठरवतात की हे नवरा-बायकोचं भांडण आहे, पोलिसांचं काम आहे, की खरंच मूल चुकीनं अडकलंय. बाईला आणि मुलाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. समितीच्या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं. बेकायदा अडकवलं असेल तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहेच. हे सगळं कायद्यात आहे. वीटभट्टीवरच्या बाईला ते माहीत नसतं, आणि ३० दिवस तिला माहीत नसतानाच सुरू होतात.

शेवटचं, त्या मुदतींबद्दल. आजच्या कायद्यात आई-बापांनी मूल समितीपुढे समर्पण केलं तर फेरविचाराला दोन महिने मिळतात. टाकून दिलेलं मूल सापडलं, तर दोन वर्षांखालच्या मुलाला दोन महिन्यांत आणि त्यावरच्याला चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळं ठरवायचं. लवकर करण्याला कारण आहे, बाळाचं एक-एक वर्ष संस्थेत वाया जाऊ नये. पण छत्तीसगड, गोंदिया, बालाघाटकडून कामाला बाहेर पडलेलं कुटुंब हंगाम संपल्यावर परततं, आणि हंगाम सहा-सात महिन्यांचा असतो. त्या दुष्काळांच्या वादातून ठरलं होतं की दुष्काळ हटेपर्यंत थांबा.

या मुदतीत आई-बापांना शोधण्यासाठी मुलाचा फोटो वर्तमानपत्रात द्यावा लागतो. तुम्ही पाहिला असेल. आतल्या पानावर, टेंडर नोटिसांच्या शेजारी एक छोटा चौकोन: तान्ह्या बाळाचा काळपट फोटो, अंदाजे वय, रंग, कुठे सापडलं, शिशुगृहाचा पत्ता, आणि खाली लिहिलेलं की पालकांनी अमुक दिवसांत संपर्क साधावा. घरी पेपर येत असेल तर उद्या सकाळी ते पान उघडून बघा. आणि बाळ जिथे सापडलं त्या भागात तुमच्या ओळखीचं कुणी राहत असेल, तर त्या शिशुगृहाला फोन करा. फोटो ग्रुपवर टाकू नका.

भेटू पुढच्या भागात.